विषय क्रमांक सात

नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका तुम्ही कधी वाचली आहे का? बहुधा नसेल. वाचण्यासारखे तिच्यात काही असते असे कुणी सांगितलेलेही नसेल. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे. आठवडे बाजाराच्या वसुलीचा ठेका. दिवाबत्तीच्या साहित्याची दरपत्रके. कोंडवाड्याची दुरुस्ती. सेवानिवृत्त शिपायाच्या उपदानाची रक्कम. आणि सगळ्यात शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. साहित्याचा वास म्हणून या कागदाला नसतो. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने तर तो हाती आला की बाजूला ठेवावा, असाच तो असतो.

मला मात्र तो कागद नोकरीमुळे वाचावा लागला. १९८६ साली बँकेने माझी बदली सोलापूर जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या गावी केली. नगरपालिकेचे खाते आमच्या शाखेत होते. जकात नाक्यांवरची चिल्लर दररोज पोत्यांत भरून यायची आणि दोन कारकून ती मोजत बसायचे. कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या दिवशी शाखेत जत्रा भरायची. खात्यावर सह्या कुणाच्या चालतील, ठेव कुठे ठेवायची, कर्ज काढायचे की नाही, या सगळ्याचे ठराव आमच्याकडे येत. ठरावाबरोबर कधी कधी सबंध विषयपत्रिकाच येई, चक्रमुद्रित, जांभळ्या शाईची, अर्धी पुसट.

एके दिवशी बँकेच्याच एका विषयासाठी मला सभेला बोलावले. आमचा विषय नववा होता. मी प्रेक्षकांच्या बाकावर एकटाच बसलो होतो. पहिले सहा विषय दहा मिनिटांत उरकले. सातवा विषय होता: पेठेतील सार्वजनिक नळ सध्याच्या जागेवरून सुमारे वीस फूट पश्चिमेस हलविणे. या एका विषयावर दीड तास चर्चा झाली! पाइप कुणी घ्यायचा, चढ किती, दाब पुरेल का, खोदाईचा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा, रस्ता नुकताच केला आहे तो उखडायचा का, एक ना दोन. दोन सभासद तर हमरीतुमरीवर आले. शेवटी विषय पुढील सभेपर्यंत तहकूब झाला आणि आमचा नववा विषय त्या रात्री आलाच नाही.

मी तेव्हा पंचविशीत होतो आणि लेखक म्हणून नुकता कुठे नाव मिळवू पाहत होतो. ही संधी कशी सोडणार? मी त्या सभेवर एक विनोदी लेख लिहिला. वीस फुटांसाठी दीड तास, म्हणजे फुटाला साडेचार मिनिटे, असा हिशेबही त्यात मांडला होता. बँकवाल्याला हिशेब कुठेही सुचतो. लेख एका दिवाळी अंकात छापून आला. शाखेत वाचन झाले, लोक खो-खो हसले.

आमच्या शाखेत झाडलोटीला एक मावशी येत. त्या दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. सगळे पांगल्यावर मला म्हणाल्या, "सायेब, त्या नळाव हसायलात व्हय?"

मी म्हटले, "का हो मावशी, तुमच्याकडचाच का तो?"

"आमच्याच अंगाचा. आता हाय तिथं वाड्याच्या कट्ट्याला लागून हाय. आमची घागर लांब ठिवावी लागती. त्यांचं भरून झालं की मग आमचं. कोन काय बोलत न्हाई, पन समद्यास्नी ठावं हाय. नळ रस्त्याव आला की जो आधी ईल त्यो आधी भरंल."

एवढे सांगून त्या खराटा घेऊन निघून गेल्या. मी दीड तास त्या सभेत बसलो होतो. एक शब्द सुटू नये म्हणून कागदावर टिपत होतो. 'जात' हा शब्द त्या दीड तासात एकदाही उच्चारला गेला नव्हता. सगळे भांडण पाइप, चढ आणि लेखाशीर्ष यांच्या भाषेत चालले होते, आणि सभागृहातल्या प्रत्येकाला ते कशाचे आहे हे माहीत होते. माहीत नव्हते ते एकट्या मला, म्हणजे तिथे बसलेल्या लेखकाला. तो लेख पुढे मी कुठल्याही संग्रहात घेतला नाही. नळ मात्र हलला. आणखी दोन सभा झाल्या, आठ महिने गेले, पण हलला.

या अनुभवानंतर महाडचा इतिहास मी पुन्हा वाचला, आणि या वेळी नगरपालिकेच्या बाजूने वाचला. चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण त्याच्या मागे ठरावांची एक लांब रांग आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. तीन वर्षांत त्या तळ्यावर कुणाला जाता आले नाही, आणि त्याच नगरपालिकेच्या पुढच्या सभांत 'त्या ठरावाचे काय झाले' हे कुणी विचारून धसास लावले नाही. मग डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. त्यानंतर ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द करून टाकला. लढा कोर्टात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. इतिहास घडला तो तळ्याच्या काठी, हे खरेच. पण त्या इतिहासाची पहिली आणि मधली पाने नगरपालिकेच्या इतिवृत्ताची आहेत.

आम्हा सोलापूरकरांना नगरपालिकेचा विषय निघाला की एकच गोष्ट सांगायची असते. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला. असे करणारी देशातली ती पहिली नगरपालिका, असे आम्ही अभिमानाने सांगतो. पुढे मे महिन्यात शहरावर लष्करी कायदा आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. हा अभिमान योग्यच आहे. पण झेंडा त्याच इमारतीवर का लावला गेला, याचा आम्ही कधी विचार करत नाही. त्या काळात सामान्य माणसाला आपली म्हणता येईल अशी सरकारी छापाची इमारत गावात एकच होती, नगरपालिकेची. कलेक्टर कचेरी साहेबाची होती, कोर्ट साहेबाचे होते. नळ, गटार, दिवा यांसाठी माणूस जिथे हक्काने जाऊन भांडू शकत होता, ती जागा त्याला आपली वाटत होती. रोजच्या भांडणातून आलेला तो आपलेपणा होता.

आता बँकेतल्या माणसाची एक गोष्ट सांगतो, कारण माझे सगळे म्हणणे तिच्यावर उभे आहे. संगणक येण्यापूर्वी आमच्याकडे दररोज संध्याकाळी रोजमेळ जुळवावा लागे. पन्नास पैशांचा फरक आला तरी कुणी घरी जात नसे. नवीन पोरे वैतागत. म्हणत, मी खिशातून पन्नास पैसे टाकतो, पण सोडा. जुने हेडकॅशियर ऐकत नसत. कारण पन्नास पैशांचा फरक हा कधी कधी पाच हजार येणे आणि पाच हजार पन्नास पैसे जाणे, यांचा असतो. फरक सापडलाच नाही तर तो 'सस्पेन्स' नावाच्या खात्यात टाकायची सोय होती. पण ज्या शाखेचे सस्पेन्स खाते फुगत चालले, तिथे काहीतरी शिजते आहे हे तपासनीस दारातूनच ओळखत. रोजचे काम रोज आणि चारचौघांदेखत करणे हीच बँकेची सुरक्षा होती. तिजोरीचे दार त्यानंतर.

नगरपालिकेच्या कारभारात सस्पेन्स खाते म्हणजे 'ऐनवेळचे विषय'. ते असावेत म्हणून ठेवले गेले ते रास्तच. पाइप फुटला, साथ आली, तर पुढच्या सभेची वाट कोण पाहील? पण पुढे पुढे असे झाले की छापील पत्रिकेत कोंडवाडा आणि शिपायाचे उपदान, आणि ऐनवेळच्या विषयांत मोठाल्या रकमांचे ठेके आणि जागांची आरक्षणे. सूचक आणि अनुमोदक यांची नावे आधीच टाइप केलेली. सभा सुरू होते, दिवंगतांना श्रद्धांजली होते, सभा तहकूब होते. पुढच्या सभेत गोंधळ होतो आणि त्या गोंधळात 'सर्व विषय सर्वानुमते मंजूर'. 'सर्वानुमते' हा शब्द ऐकला की मला जोतीराव फुल्यांची आठवण होते. ते पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा विषय आला. शिक्षणावर हा पैसा खर्च करा, म्हणत विरोध करणारे ते एकटे होते. खर्च व्हायचा तो झालाच. पण तो 'सर्वानुमते' झाला असे कुणाला म्हणता आले नाही. एका सभासदाचे हेही काम असते.

गेल्या काही वर्षांत तर सभाच उरली नव्हती. २०२१ च्या अखेरीपासून राज्यातल्या एकेका नगरपरिषदेची मुदत संपत गेली. सोलापूर महापालिकेची मार्च २०२२ मध्ये संपली. संस्थेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक, असे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट लिहून ठेवले आहे. तरी आरक्षणाचा वाद, प्रभागांची रचना, कोर्टाच्या तारखा यांत वर्षे गेली. अखेर सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिला, तेव्हा डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या. सोलापुरात जवळजवळ चार वर्षे आयुक्तच प्रशासक होते, म्हणजे विषय मांडणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. बँकेत ज्याने व्हाउचर लिहिले त्यानेच ते पास केले, तर आम्ही त्याला गुन्हा म्हणत होतो.

माझ्या फिरायला येणाऱ्या मित्रांना हे पटत नाही. त्यांचे म्हणणे असे, की प्रशासक होते तेव्हा काय बिघडले? उलट फायली लवकर हलल्या, सभेतले तमाशे थांबले, नगरसेवकाच्या मेहुण्याचा ठेका थांबला. हे म्हणणे मी झटकून टाकणार नाही. नगरसेवक आणि ठेकेदार यांच्यातली भिंत कित्येक गावांत कधीच पडली आहे. काही प्रशासकांनी चांगले काम केले, हेही खरे. पण मी मित्रांना एकच विचारतो. आपल्या गल्लीत नळाला पाणी आले नाही, तर चार वर्षांत तुम्ही कुणाच्या दारात गेलात? उत्तर येते, तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. क्रमांक मिळतो, पण त्या क्रमांकावर भर सभेत उभे राहून कुणी जाब विचारत नाही. अधिकाऱ्याचा हिशेब वर, मंत्रालयाकडे. तो वाईट माणूस असतो असे नाही, त्याचे तोंडच तिकडे असते. नगरसेवक कितीही नाठाळ असला तरी पाच वर्षांनी त्याला याच गल्लीत यावे लागते.

आणि पाणी हा सोलापुरात बोलायचा विषय आहेच. ज्या जिल्ह्यात ११७ टीएमसीचे उजनी धरण आहे, त्या जिल्ह्याच्या शहराने वर्षानुवर्षे तीन, चार, पाच दिवसांआड पाणी भरण्याची सवय लावून घेतली. उजनीवरून शंभराहून अधिक किलोमीटरची जलवाहिनी, भीमेत पाणी सोडून भरलेला औज बंधारा, शहराजवळचा हिप्परग्याचा जुना तलाव, असे तीन उगम असूनही. मोठ्या योजनांच्या बातम्या आम्ही पुष्कळ वाचल्या. पण कुठल्या टाकीवरून, कुठल्या भागाला, किती वाजता, किती वेळ पाणी सुटणार, गळती कुठे आहे आणि ती कुणी काढायची, ही रोजची बाब आहे. तिला मंत्री लागत नाही. तिला दर महिन्याच्या सभेत उभा राहून 'गेल्या महिन्यात तुम्ही काय सांगितले होते?' असे विचारणारा माणूस लागतो.

नगरसेवकांची एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. त्यांच्या हातातले पैसे गेले. नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली, महापालिकांत पुढे स्थानिक संस्था कर आला आणि २०१५ साली तोही बहुतांशी गेला. आता अनुदानाकडे डोळे लावून बसावे लागते, आणि अनुदान येते ते कशावर खर्च करायचे हे ठरवूनच. शिवाय नगरपरिषदेचा ठराव कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्याला स्थगित करता येतो. पण पैसे नाहीत म्हणून प्रश्न विचारता येत नाहीत, असे कुठल्या कलमात लिहिले आहे? मावशींच्या नळाला वीस फूट पाइपच लागला होता.

पंढरपूरचे पाहा. २०११ च्या जनगणनेत लाखाच्या आत लोकसंख्या असलेली ही नगरपरिषद. आषाढीला तिच्या अंगणात लाखो माणसे उतरतात. पाणी, शौचालये, वाळवंटाची सफाई, दिवे, हे सगळे तिचे नित्याचे काम. या सफाईत माणसाने हाताने मैला उचलायचा का, हा प्रश्न अखेर मुंबई उच्च न्यायालयात गेला. हाताने मैला उचलायला बंदी करणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. त्या वीस वर्षांत सफाईचा विषय किती सभांच्या पत्रिकेवर आला असेल आणि किती वेळा 'मंजूर' झाला असेल! खराटे, टोपल्या, भुकटी यांची दरपत्रके. त्या टोपलीत काय उचलले जाते हे विचारणारा सभासद सभागृहात हवा होता, तो कोर्टात शोधावा लागला.

आता नव्या सभा सुरू झाल्या आहेत. सोलापूर महापालिकेत १०२ सभासद आहेत. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटपासून कानडी मुलखाला खेटून असलेल्या मैंदर्गी, दुधनीपर्यंत नगरपरिषदा आहेत. त्यांच्याकडे मी शहराचा कायापालट मागत नाही. तो मागून आम्ही थकलो. मी नित्याचे काम मागतो. सभेची पत्रिका सभेच्या आठवडाभर आधी प्रभागातल्या फळ्यावर लावा. ऐनवेळचा विषय खरोखर ऐनवेळचा असेल तरच घ्या, आणि तो आधी का आला नाही याचे कारण इतिवृत्तात लिहा. इतिवृत्त कायम केल्यावर दुसरा विषय कायमचा ठेवा: मागील ठरावांवर काय कार्यवाही झाली. महाडला १९२४ नंतर दर सभेत हा प्रश्न विचारला गेला असता, तर निदान ठरावाचा कागद तीन वर्षे निर्धास्त झोपला नसता. आणि इतिवृत्तात कोण काय बोलले ते लिहा. त्या गावच्या दप्तरात मी पुढे आमच्या बँकेच्या विषयाची नक्कल पाहायला गेलो, तेव्हा विषय क्रमांक सातखाली लिहिले होते, 'चर्चेअंती विषय तहकूब करण्यात आला.' दीड तासाचे एवढेच. नळ हलू नये म्हणून कोण भांडले आणि हलावा म्हणून कोण, हे त्या दप्तरातून कुणालाही कधी कळणार नाही.

नागरिकांकडेही माझे एक मागणे आहे, आणि त्यात मी स्वतः आलो. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा कायद्याने दोन महिन्यांतून एकदा व्हावीच लागते, महापालिकेची दरमहा. प्रेक्षकांचे बाक असतात आणि ते रिकामे असतात. आपल्यासारख्या निवृत्त माणसांना सकाळी बाग, दुपारी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी देऊळ एवढाच दिनक्रम असतो. त्यातली एक दुपार द्यावी. वही न्यावी. कुणी ओरडू नये, घोषणा देऊ नयेत, नुसते बसावे आणि टिपावे. बँकेत तपासनीस नुसता कोपऱ्यात येऊन बसला तरी कारकुनांची अक्षरे सुधारत असत.

मी पुढच्या सभेला जाणार आहे. कंटाळा येईल, हे मला माहीत आहे. एखाद्या क्षुल्लक विषयावर दीड तास भांडण सुरू झाले, तर या वेळी मी हसणार नाही. शेजारच्या माणसाला विचारीन, हा नळ कुणाचा?